विजेवर हलणाऱ्या दोन सीटा

धारगळात माझं नाव घेऊन विचारलंत तर चार माणसं मान हलवतील आणि पुढे जातील. 'सीटवालो मेस्त खंय रावता?' असं विचारा, मग सकाळचा पाववाला पोदेरसुद्धा सायकल थांबवून दुकान दाखवील. घरात मालवणी, गिऱ्हाइकाशी कोंकणी आणि कागदावर मराठी, अशी माझी जिभेची कसरत जन्मभर चालली आहे. तेव्हा लिहिताना एखादा शब्द रुळावरून घसरला तर सांभाळून घ्यावं.

माझा धंदा कुशनचा. लोकांना वाटतं, रेक्झीन कापलं, फोम भरला, शिवला, झालं काम. खरं म्हणजे सीट हे घरातल्या कदेलासारखं, म्हणजे खुर्चीसारखं नसतं. खुर्ची जमिनीवर उभी असते. सीट रस्त्यावर पळत असते. खालून खड्डा येतो, पुढून ब्रेक लागतो, वळणावर अंग एका बाजूला जातं, आणि हे सगळं माणसाच्या कमरेपर्यंत पोचायच्या आत सीटने गिळायचं असतं. चांगली सीट कोणाच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे आमची स्तुतीही कोणी करत नाही.

हे शिकलो मी पाळी ह्या खाणींच्या गावात. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मी बांद्याच्या पलीकडच्या आमच्या गावातून खाणपट्ट्यात आलो. खनिजाचे ट्रक पाळीहून जेटीवर आणि जेटीवरून पाळीला दिवसभर येरझाऱ्या घालायचे. त्या ट्रकांच्या सीटा म्हणजे फळीवर काथ्या आणि काथ्यावर रेक्झीन. तिशीतले ड्रायव्हर म्हाताऱ्यासारखे कमरेवर हात ठेवून उतरायचे. तिथल्या वर्कशॉपचे मुख्य होते रघुवीरबाब. सहा फुटांवर उंची, आवाज त्याहून उंच. मी केलेली पहिली सीट त्यांना दाखवली आणि विचारलं, कशी झाली? ते म्हणाले, "माका कित्याक विचारता? ड्रायव्हराच्या फाटीक विचार." म्हणजे पाठीला.

आणि मग स्वतःच त्या ट्रकात चढून बसले, खनिजाने भरलेला ट्रक जेटीपर्यंत नेला, परत आणला. उतरून म्हणाले, कमरेपाशी पोकळी आहे, भर. तेवढंच. मी भरली. त्या ड्रायव्हरांतले निम्मे आता हयात नाहीत. जे आहेत त्यांच्यातले पुष्कळजण पाठीला पट्टा बांधून फिरतात. एका मेस्ताने किती सीटा शिवाव्यात? मालक म्हणतील तेवढ्याच. ही रुखरुख मला अजून आहे.

पुढे मी धारगळला हमरस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. ट्रक गेले, टॅक्स्या आल्या, टूरिस्ट गाड्या आल्या. मग बाजारात तयार कव्हरं मिळायला लागली आणि आमचं काम आटत चाललं. अशा दिवसांत, गणपतीची चवथ महिन्यावर आली असताना, दुकानासमोर एक छोटी पांढरी गाडी थांबली. चालवणाऱ्या बाई उतरल्या तेव्हा माझं लक्ष आधी त्यांच्या सीटवर गेलं. खाली एक उशी, पाठीला एक उशी. धंद्याची सवय.

त्या सुलभाबाई, रघुवीरबाबांच्या पत्नी. डिचोलीच्या पोस्टात त्यांनी जन्म काढला होता. त्यांना मी लग्नासमारंभात लांबून पाहिलं होतं. अंगाने बारीक आणि इतक्या ठेंगण्या, की बाबांच्या शेजारी उभ्या राहिल्या की खांबाला टेकून ठेवलेल्या छत्रीसारख्या दिसायच्या. पण बोलणं ठाम. म्हणाल्या, "मेस्त, आमची तांबडी गाडी तुम्हाला ठाऊक आहे?"

कोणाला ठाऊक नव्हती? दोन माणसांची, जमिनीला टेकलेली, कापडी छत मागे घडी करता येणारी परदेशी स्पोर्ट्स गाडी. मडगावचं एक कुटुंब कायमचं परदेशी जायला निघालं तेव्हा रघुवीरबाबांनी ती विकत घेतली होती. रविवारी डिचोलीच्या बाजारातून ती गेली की माणसं मासळीवरची नजर काढून तिच्याकडे बघायची.

बाईंनी जे सांगितलं त्यावरून असं कळलं, की रघुवीरबाबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. समोरचं दिसे, पण बाजूचं दिसत नसे. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. गुडघेही धरलेले. तेव्हापासून बाब रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊन त्या बंद गाडीत बसत आणि जेवणाची हाक आली की बाहेर येत. पणजीचा एक माणूस गाडी मागत होता. चवथ झाल्यावर बघू, असं बाबांनी त्याला सांगितलं होतं.

"गाडी गेली तर हे बसतील कुठे?" बाई म्हणाल्या.

त्यांना स्वतः ती गाडी चालवायची होती. बाबांना शेजारी बसवून. अडचण सीटची होती. ती सीट बाबांच्या लांब पायांना बेतून मागे सरकवलेली होती आणि तिथेच गंजून कायमची बसली होती. बाईंचे पाय पेडलपर्यंत पोचत नसत. उश्या घातल्या तर पाय पोचत, पण मग कंबर अधांतरी राहत असे. आणि उंची कमी असल्यामुळे त्यांना गाडीचं लांबलचक नाक दिसतच नसे. दुसरीकडे बाबांना त्या खोल सीटमधून बाहेर काढायचं म्हणजे विहिरीतून कळशी ओढण्यातला प्रकार.

मी म्हटलं, यावर एक उपाय आहे. नव्या भारी गाड्यांत विजेवर हलणाऱ्या सीटा असतात. बटण दाबलं की पुढे-मागे जातात, वर-खाली होतात, पाठ कलते. तशा दोन सीटा ह्या गाडीत बसवल्या तर तुम्ही वर येऊन बघाल, बाब वर येऊन उतरतील. बाई म्हणाल्या, मग बसवा. मी म्हटलं, बाबांना विचारलंत? त्या म्हणाल्या, ते विचारायलाच तुम्ही येताय.

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीला गेलो. रघुवीरबाब गॅरेजात गाडीतच बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. तिच्यात बटणांच्या सीटा घालणं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात पंखा लावणं. ते बोलले त्यात मलाही थोडं तथ्य वाटत होतं. त्या जुन्या सीटा फार सुंदर होत्या. तपकिरी चामड्यावर अरुंद उभ्या पन्हळी शिवलेल्या, एकेक टाका मोजून घातल्यासारखा. असं काम आता कोण करतो?

बाई दारात उभ्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "गाडी जपायची की चालवायची, एवढंच सांगा. जपायची असेल तर तो पणजीचा माणूस जपेल. चालवायची असेल तर मी चालवीन."

बाबांनी स्टेअरिंगवर बोटं वाजवली. मग त्यांनी मला एक अट घातली. गाडीच्या अंगाला एकही नवं भोक पडता कामा नये. जुन्या सीटा उद्या परत बसवायच्या म्हटलं तर बसल्या पाहिजेत. मी हो म्हटलं आणि घरी येताना वाटेत कळलं, की आपण काय कबूल करून बसलो.

पहिलं काम सीटा शोधायचं. बाजूला एअरबॅग नसलेल्या हव्या होत्या, कारण ती भानगड जुन्या गाडीत जोडता येत नाही आणि नुसती सोडून देणं धोक्याचं. अंगाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्पोर्ट्स सीटा हव्या होत्या, आणि रुंदीला बेताच्या. कोल्हापूरकडच्या एका भंगारवाल्याकडे मागून ठोकर बसलेली एक परदेशी गाडी आली होती. पुढचा भाग शाबूत. मी त्या सीटा तिथेच बॅटरी लावून हलवून पाहिल्या आणि एसटीच्या टपावर बांधून आणल्या.

आणल्या खऱ्या, पण डिचोलीहून दुकानात आणवून ठेवलेल्या तांबड्या गाडीत ठेवून बघतो तर एकही बोल्ट भोकासमोर येईना. ते अपेक्षितच होतं. खरी पंचाईत उंचीची. विजेच्या सीटेच्या पोटात मोटरी असतात, म्हणून ती जाड असते. नुसती ठेवली तरी रघुवीरबाबांचं डोकं छताच्या वर जाणार. शिवाय बटणांची पट्टी दरवाजाला घासत होती.

बोल्टांसाठी मी जाड लोखंडी पट्ट्या करून घेतल्या. खाली गाडीच्या जुन्या भोकांत, वर नव्या सीटेच्या भोकांत. सीट ही नुसती बसायची वस्तू नव्हे, अपघातात माणसाला जागच्या जागी धरून ठेवणारी ती आहे, म्हणून पट्टीत कसर करायची नसते. सीटबेल्टचे पट्टे गाडीचेच, जमिनीला जोडलेले ठेवले. गंज लागू नये म्हणून पट्ट्यांना मी प्रेमाने काळ्या रंगाचे दोन हात दिले. दरवाजाला घासणारी बटणं काढून मधल्या बाजूला, हाताशी येतील अशी बसवली.

उंचीचं काम मात्र माझं, कुशनवाल्याचं. सीट उघडली, फोम बाहेर काढला. तो होता वीतभर. तो काढून खाली रुंद कापडी पट्ट्यांची ताणून वीण घातली आणि वर पातळ पण घट्ट फोमचे थर दिले, मांडीखाली कठीण, माकडहाडाखाली मऊ. चार बोटं उंची गेली आणि बसणं उलट सुधारलं. मग तपकिरी चामडं आणलं आणि जुन्या सीटेच्या पन्हळी बघून तशाच पन्हळी शिवायला बसलो. तेवढं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण त्या सुंदर सीटा माळ्यावर जाणार होत्या, आणि त्यांच्या जागी काहीतरी बोडकं बसवायला माझा हात धजेना. अंगठा सुजेपर्यंत शिवलं. इतका आनंद मला कामात कित्येक वर्षांत झाला नव्हता.

विजेचं काम फ्रान्सिसने केलं. फ्रान्सिस हा कोलवाळचा गाड्यांचा वायरमन, माझा जुना मित्र. बोलतो कमी, शीळ जास्त घालतो. त्याने बॅटरीपासून जाड वायर काढली, फ्यूज घातला, आणि नवं भोक न पाडता, जुन्या मीटरच्या केबलीसाठी जे रबरी बूच होतं त्यातूनच वायर आत घेतली. ते बघून मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

चवथीच्या बाजाराची गर्दी रस्त्यावर सुरू झाली त्या आठवड्यात आम्ही चाचणी ठेवली. गाडी माझ्या दुकानासमोर, छत उघडं. बाई पांढऱ्या गाडीतून बाबांना घेऊन आल्या. बाबांनी जुन्या शिरस्त्याप्रमाणे आधी वाकून सगळे बोल्ट चाचपले. मग फ्रान्सिसने शेजारची सीट वर घेतली, बाब खुर्चीवर बसावं तसे सहज बसले आणि आत वळले. बाईंच्या तोंडावर हसू आलं. आता खाली घ्या, मी म्हटलं. बाबांनी बटण दाबलं, पण चुकून उलटं. सीट आणखी वर चढली, जड जड होत गेली, आणि अगदी टोकाला जाऊन बंद पडली. मग वरही जाईना, खालीही येईना.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. हमरस्ता. उघडी तांबडी गाडी. तिच्या काचेच्या वर छातीपर्यंत बाहेर आलेले सहा फुटी रघुवीरबाब, दोन्ही हात मांडीवर, मान ताठ. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळंफुलं घेऊन जाणारी माणसं थांबली. पेडण्याची बस थांबली. बसमधून कोणीतरी म्हणालं, यंदा धारगळकारांनी गणपती लवकर आणला.

 ह्या माणसाचा राग मी पाळीला पाहिलेला होता. बाई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होत्या. फ्रान्सिसची शीळ बंद झालेली. बाब वरून सगळीकडे सावकाश बघत होते. मग त्यांनी फ्रान्सिसकडे खाली बघितलं आणि वर्कशॉपमधला तो जुना आवाज काढला. "अर्थिंग खंय दिला रे?"

फ्रान्सिस म्हणाला, सीटेच्या बोल्टाला.

"बोल्ट खंय बसता?"

पट्टीवर, मी म्हटलं.

"पट्टीक रंग कोणें लायलो?"

विजेचं असं असतं, की बॅटरीतून निघालेल्या करंटला परत जायला लोखंडाची उघडी वाट लागते. मी प्रेमाने दिलेल्या दोन हातांनी ती वाट बुजवून टाकली होती. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम जात होतं तोवर मोटर चालली, वर बाबांचं वजन पडल्यावर दमली. फ्रान्सिस आणि मी गाडीखाली आडवे झालो, आणि बाब वरून सांगत गेले, इथला रंग खरवड, तिथला खरवड, आता एक जाड वायर थेट चासीला दे. कोणी तरी त्यांना वर चहा दिला, उंडो पाव दिला. तो त्यांनी वरच खाल्ला. बसमधल्या लोकांनी हात केला तेव्हा त्यांनीही हात केला.

वायर आवळली. बाबांनी बटण दाबलं. सीट घुमत घुमत, एखाद्या सभ्य माणसाने मान लववावी तशी खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता बाब उतरणार. त्यांनी परत बटण दाबलं आणि वर गेले. मग खाली आले. मग पाठ मागे घेतली, पुढे घेतली. बराच वेळ हे चाललं. शेवटी खाली बसून त्यांनी हाताने सीटेची कड चाचपली आणि बोटं पन्हळींवरून वरपासून खालपर्यंत फिरवली. ती थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शिवण तुजी?"

मी हो म्हटलं. त्यांनी एकदा बोटं परत वर नेऊन खाली आणली, एवढंच.

चवथ झाली आणि पणजीचा माणूस गाडी न्यायला आला. ही हकीगत मला बाईंनी नंतर सांगितली. रघुवीरबाब त्याला म्हणाले, गाडी गेली. त्याने विचारलं, कोणाला दिली? बाब म्हणाले, "बायलेक." म्हणजे बायकोला.

पावसाळा सरल्यावर बाईंनी तेरेखोलच्या किल्ल्यावर जायचं ठरवलं, आणि मला नि फ्रान्सिसला निमंत्रण दिलं. गाडी दोन माणसांची, तेव्हा आम्ही मागून स्कूटरवर. जेवणाचे डबे नि चहाचा थर्मास आमच्याकडे. धारगळ सोडलं, पेडणे गेलं, पालये गेलं. पुढे तांबडी गाडी, तिच्यात एक उंच डोकं आणि एक इवलंसं. बाई इतक्या बेताने चालवत होत्या, की एका वळणावर बैलसुद्धा आमच्या पुढे जातो की काय असं वाटलं. पण गिअर बदलताना गाडीला एक धक्का नाही.

केरीला फेरीबोट लागली होती. भरती उतरत आलेली, त्यामुळे जेटीवरून बोटीवर जायचा लोखंडी पत्रा चांगलाच उतरता झाला होता. जमिनीलगत पोट असलेली गाडी तिथे हमखास घासते. बोटीवरचा खलाशी सवयीने रघुवीरबाबांकडे गेला आणि त्यांना सूचना द्यायला लागला. बाबांनी नुसता अंगठा शेजारी दाखवला. खलाशी गोंधळला, वळसा घालून बाईंकडे आला. बाईंनी त्याला थांबायला सांगितलं, बटण दाबलं आणि सीट वर घेतली. नाक दिसलं. मग त्यांनी गाडी तिरकी धरली, आधी एक चाक, मग दुसरं, असं करत करत ती पत्र्यावरून आत नेली. कुठे खरचटल्याचा आवाज आला नाही. खलाशाने आम्हाला विचारलं, "ही कोण?" फ्रान्सिस म्हणाला, पोस्टमास्तरीण.

पलीकडे उतरल्यावर मात्र गाडीने आम्हाला मागे टाकलं. किल्ल्याचा चढ चढताना आमची स्कूटर धापा टाकायला लागली. शेवटी फ्रान्सिस उतरून चालायला लागला. वर पोचलो तेव्हा तांबडी गाडी किल्ल्याच्या भिंतीलगत सावलीत उभी होती, इंजिन बंद. खाली नदी समुद्राला मिळत होती. मी हाक मारणार तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

रघुवीरबाब पाठ मागे कलती करून झोपले होते. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला.

"उठवू नका," बाई अगदी हळू म्हणाल्या. "ह्या माणसाला दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत आजपर्यंत झोप लागली नाही. बसमध्ये बसले तरी ड्रायव्हरवर नजर. माझ्याबरोबर तर पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचे. आज चढावाला लागलो आणि घोरायला लागले."

मी सीट बघून घेतली. फ्रान्सिस माझ्या कानात म्हणाला, मेस्ता, ही सीट न्हय, हें बाईचें ड्रायव्हिंग. मी वाद घातला नाही. मनातल्या मनात मात्र निम्मं श्रेय ठेवून घेतलं, ते अजून परत केलेलं नाही.

डबा उघडला. बाईंना उतरून यायचं होतं, पण पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून त्यांची सीट पार पुढे घेतलेली, पोट स्टेअरिंगला टेकलेलं. सीट मागे घ्यायची तर बटण दाबायला हवं, आणि मोटरीचा आवाज झाला असता. म्हणून त्या तशाच अंग चोरून बसून राहिल्या. आम्ही त्यांचा चहा त्यांना दारावरून आत दिला.